माझा दुसरा टर्बो

मित्रांनो, कॅनडातल्या कूटनीच्या डोंगरात हार्लो लँडिंग नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या मागे पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये, फावडी आणि झिजलेले टायर यांच्या शेजारी, मी उभी असते. मी डोंगर चढणारी बर्फगाडी: पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, म्हणजे स्की, आणि मागे चाकांऐवजी फिरता रबरी पट्टा. चौदा हिवाळे पाहिले. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या आता सुट्या भागांच्या रूपाने दुसऱ्या गाड्यांच्या पोटात आहेत. मी अजून एकसंध आहे, एवढंच. सकाळी मला सुरू करायला गेलं की मी लगेच उठत नाही. दोनदा खोकते, तिसऱ्यांदा उठते. कोणी घाई केली तर राग येत नाही, नुसता कंटाळा येतो.

माझी गोष्ट मोठ्या पराक्रमाची नाही. माझ्या छातीतला एक भाग मोडला, त्या जागी कोणता बसवायचा हे ठरवताना काही माणसांचा कस लागला, आणि पुढे त्या निवडीचा हिशेब एका बाईच्या पायाने चुकता केला. ते सगळं मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते.

माझा जन्म सपाट मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथे एका माणसाने मला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि कागदावर खूण करून म्हणाला की ही कुठेही चढेल. तो स्वतः कधी डोंगरावर गेला नसावा. डोंगरावर हवा विरळ असते, मित्रांनो. दोन हजार मीटरवर गेलं की खालच्या हवेचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झालेला असतो. माणसाला तिथे धाप लागते. इंजिनालाही लागते. पेट्रोल असतं, ठिणगी असते, पण जाळायला हवा पुरत नाही.

माझा पहिला मालक केल्विन ड्रायडेन. अल्बर्टातल्या तेलविहिरींवर काम करायचा आणि सुट्टी मिळाली की मला ट्रकवर चढवून कूटनीत आणायचा. पहिल्याच दिवशी निम्म्या उतारावर मी धापा टाकत थांबले. मित्र वरून हात हलवत होते. केल्विनने मला टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. इंजिनातून तापलेला धूर जोरात बाहेर पडतो आणि वाया जातो. टर्बो त्या धुराच्या वाटेत एक लहान चक्र ठेवतो. धुराने ते फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्रही फिरतं, आणि ते बाहेरची विरळ हवा ओढून, दाबून माझ्या छातीत भरतं. वाया गेलेल्या श्वासातून पुढचा श्वास. मला तो पहिला दिवस अजून आठवतो. शिखराजवळ उभं राहून मला प्रथमच वाटलं की आपण पुरे पडलो.

त्यानंतरची तीन वर्षं कौतुकाची. डोंगरचढाईच्या शर्यतीत मी दुसरी आले. केल्विनने माझे फोटो काढले, त्याच्या पोरसवदा मित्रांनी माझ्यावर बसून स्वतःचे काढून घेतले. फोटो काढायचे म्हणून तो चढ संपताच मला झटकन बंद करायचा. मी आतून लाल झालेली असायची. टर्बोच्या दांड्याभोवती तेल फिरत असतं, ते तापलेल्या जागी थांबून करपायचं. एखादं मिनिट मला नुसतं चालू ठेवलं असतं तर तेलाने सगळं थंड केलं असतं. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला थांबायला आवडायचं नाही. चौथ्या वर्षी हलक्या वजनाची नवी गाडी बाजारात आली आणि मी विकली गेले.

ज्याने मला घेतलं तो वॉल्टर पॉझ्निकॉफ. गिरणी बंद पडेपर्यंत करवतीवर होता. त्यानंतर बर्फ मोजायच्या कामाला लागला. ऐकून हसू येईल, पण हे खरं काम आहे. हिवाळ्यात दर महिन्याला वर जायचं, ठरलेल्या दहा जागी लांब पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट तिचं काट्यावर वजन करायचं आणि आकडा लिहायचा. त्यावरून कळतं की डोंगरावर किती पाणी झोपलेलं आहे आणि मे महिन्यात नदीकाठच्या लोकांनी काय तयारी करायची. वॉल्टरच्या दहा जागा दोन हजार मीटरवर, दाट देवदारांच्या पलीकडे होत्या. त्याची आधीची गाडी तिथे पोचत नव्हती, म्हणून मी.

हा शांत माणूस होता. माझ्याशी बोलायचा नाही, पण माझ्यावर बर्फ साचू द्यायचा नाही. गावच्या बचावपथकातही तो होता, त्यामुळे वाट चुकलेल्यांना आणायलाही आम्ही जायचो. एका वर्षी त्याने आणलेला आकडा फार मोठा निघाला, खालच्या गावाने वेळेवर घरं रिकामी केली आणि नदी आली तेव्हा कोणी बुडालं नाही. पेपरात वॉल्टरचा फोटो आला. त्यात कोपऱ्यात माझ्या डाव्या स्कीचं टोक दिसतं.

अशी सहा वर्षं गेली. मग माझ्या धुराला निळसर रंग येऊ लागला. तेल जळत होतं. दम लावताना छातीतून बारीक शिट्टी यायची, ती पुढे भोंग्यासारखी होत गेली. वॉल्टरने ऐकलं. त्याने एकदा झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, “एवढा हिवाळा काढ.” मी काढला. त्याने पुढचाही काढायला लावला. त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या मार्चमध्ये, नेमक्या त्या देवदारांच्या वरच्या टोकाला, आतलं चक्र दांड्यावरून हललं, भिंतीला घासलं आणि त्याची पाती मोडली. मोठा आवाज झाला नाही. कोणी काचेचा पेला कपड्यात गुंडाळून फोडावा तसा झाला, आणि माझ्यातली सगळी ताकद निघून गेली.

वॉल्टर पायात बर्फावर चालायच्या चपट्या जाळ्या बांधून नऊ किलोमीटर चालत उतरला. दुसऱ्या दिवशी तो आणि आर्डिस मॅकफी मला ओढून न्यायला आले. ही पत्र्याची शेड आर्डिसची. तिचं वय साठीच्या पुढे, केस आखूड कापलेले, हाताच्या रेषांत काळं तेल कायमचं. गावातलं जे काही फिरतं ते सगळं तिच्याकडे दुरुस्तीला येतं. वॉल्टर आणि ती एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकले.

तिने माझी छाती उघडली आणि मोडकी पाती तळहातावर घेतली.

माझा टर्बो ज्यांनी बनवला होता त्यांनी धंदा केव्हाच बंद केला होता. तसाच नवा मिळणार नव्हता. आर्डिसने आठवडाभर फोन केले आणि शेवटी बाकावर दोन वस्तू मांडल्या. एक होता टर्बोचा नुसता गाभा: नवा दांडा, लहान चक्रं, नवी बेअरिंगं. माझ्या जुन्या कवचात तो नीट बसणार होता. दुसरा होता आख्खा टर्बो, माझ्या जुन्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा. तो केल्विनने आणला होता. केल्विन दर मार्चला गावात यायचाच. माझी बातमी कळली तेव्हा त्याने आपल्या शर्यतीच्या गाडीवरून काढून ठेवलेला टर्बो फडक्यात गुंडाळून वॉल्टरला देऊन टाकला. फुकट. मनाचा मोठा माणूस होता तो, हे सांगायला हवं.

वॉल्टरचे डोळे त्या मोठ्यावरून हलेनात.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या जानेवारीत एका ओहोळात मी कमरेपर्यंत रुतले होते आणि त्याने एकट्याने मला तीन तास खणून काढलं होतं. दोन फावडी मारायचा आणि माझ्या आसनावर छाती टेकून पडून राहायचा. त्याच्या छातीचे ठोके मला आसनातून ऐकू येत होते. ते मला आवडले नाहीत. घरी गेल्यावर त्याने हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आता त्याच्या मनाने घेतलं होतं की गाडीत पुरेसं बळ असेल तर ती रुतणारच नाही. टर्बो माझ्यात बसणार होता, पण तो त्याला स्वतःसाठी हवा होता.

आर्डिसने आधी नुसते प्रश्न विचारले. काम किती उंचीवर असतं? मागे गाडा जोडलेला असतो का? झाडांतून जाताना वेग किती? मोजायच्या जागांजवळ वर जी झोपडी आहे तिथे पेट्रोल कुठलं ठेवतोस? वॉल्टरने उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तर त्याच्या मनाविरुद्ध जात होतं. मोठ्या टर्बोला शर्यतीचं महाग पेट्रोल लागतं. वरच्या झोपडीत साधं पेट्रोल असतं. आणि मोठं चक्र जड असतं, ते फिरायला वेळ घेतं. तुम्ही दम मागता, तो येत नाही. पुन्हा मागता, येत नाही. मग सगळा एकदम येतो. मोकळ्या उतारावर यात मजा आहे. झाडांत नाही.

केल्विनला हे पटेना. त्याने तसाच मोठा टर्बो असलेली आपली गाडी वॉल्टरला चालवायला दिली. वॉल्टर गावाच्या कडेच्या झाडीत गेला आणि अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याच्या कोटाची बाही खांद्यापासून उसवलेली होती आणि टोपीत झाडाच्या काटक्या होत्या.

“सवय होईल,” वॉल्टर म्हणाला.

“कोणाला? तुला की झाडाला?” आर्डिसने विचारलं.

केल्विन हसला. म्हणाला की सगळ्यांना सुरुवातीला असंच होतं. वॉल्टरही हसला, पण त्याने उसवलेली बाही हाताने धरून ठेवली होती.

चार दिवस हे चाललं. वॉल्टर रोज यायचा, मोठा टर्बो उचलायचा, चक्र बोटाने फिरवायचा आणि खाली ठेवायचा. मी उघड्या छातीने उभी होते. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. मीही एके काळी शिखरावर उभी राहिले होते. तो मोठा टर्बो बघून माझ्याही मनात काहीतरी हललं. आणि त्याच वेळी माझ्या सांध्यांना वाटत होतं की आता ते नको.

पाचव्या दिवशी आर्डिसने पाना खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि वॉल्टरच्या समोर बसली.

“वॉल्टर, खरं सांग. सलग किती वेळ फावडं मारू शकतोस आता?”

तो छताकडे बघत राहिला.

“मी कोणाला सांगणार नाही.”

“वीस मिनिटं,” वॉल्टर म्हणाला. “मग बसावं लागतं.”

नेमकी तेव्हाच दारात त्याची बायको उभी होती, तिचं नाव नेली. दुपारचं जेवण घेऊन आली होती. कोबी, बटाटा आणि शेपू घातलेलं, सायीने दाट केलेलं बोर्श्च नावाचं सूप. पूर्वी रशियातून आलेल्या त्यांच्या लोकांत ते वर्षभर चालतं. तिच्या हातातल्या भांड्याचं झाकण वाफेने हलत होतं. वॉल्टरने मान वळवून तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

नेलीने भांडं बाकावर ठेवलं आणि तीन वाट्या काढल्या.

“मला वाटलं होतं, पंधरा,” ती म्हणाली.

मग तिघं जेवली. वाटी पुसता पुसता आर्डिसने सांगितलं ते मी विसरलेले नाही. “मोठा बसवला तरी तू रुतशीलच. बर्फात सगळे रुततात. फरक एवढाच की आता जिथे रुततोस त्याच्या कितीतरी वर, कितीतरी खोल रुतशील. आणि फावडं तेच, मिनिटं वीसच. लहान बसवला तर ही तुला मागशील तेव्हा, मागशील तेवढाच दम देईल. एप्रन मात्र विसरायचा.”

एप्रन म्हणजे गावाच्या वरचा पांढरा, उघडा उतार. त्याच्या पलीकडे जुन्या खाणीचं खोरं आहे. बळ असेल तर एप्रनवरून सरळ चढून वीस मिनिटांत पलीकडे जाता येतं. नसेल तर झाडीतून वळसा घालत दीड तास.

“विसरलो,” वॉल्टर म्हणाला.

संध्याकाळी केल्विन आपला टर्बो परत न्यायला आला. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायला तो चेष्टेवर आला.

“वॉली, घोड्याला गाढवाचं काळीज बसवतोयस.”

“गाढव घरी येतं रे,” वॉल्टर म्हणाला.

लहान गाभा माझ्यात बसला. आर्डिसने तेलाच्या नळ्या बदलल्या, सगळे नट दोनदा तपासले आणि माझ्या हँडलवर खडूने लिहिलं, ‘बंद करायच्या आधी एक मिनिट’. वॉल्टरने ते पाळलं. तो ते मिनिट माझ्या शेजारी उभा राहून, हातमोजे काढून, काही न करता घालवायचा. मला वाटतं ते त्यालाही मानवलं. एप्रिलचं मोजमाप आम्ही केलं. पुढचा हिवाळा लागला, आणि मी नव्या टर्बोसोबत निमूटपणे कामाला लागले. शिखराचं नाव कोणी काढलं नाही.

आता फेब्रुवारीच्या त्या दिवसाचं सांगते.

गावात टपाल वाटणारी रोवेना क्विल सुट्टीच्या दिवशी एकटी स्कीवरून खाणीच्या खोऱ्यात गेली होती. परत येताना ओढ्यावरचा बर्फाचा पूल तिच्या वजनाने खचला. गुडघा पिळवटला आणि एक पाय बुटासकट पाण्यात गेला. ती कशीबशी बाहेर निघाली, खाणीच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला बसली आणि खिशातल्या यंत्राचं मदतीचं बटण तिने दाबलं. बचावपथकाला निरोप मिळाला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. थंडी शून्याखाली एकवीस.

जवळ होते ते दोघंच. वॉल्टर माझ्यावर, मागे जखमीला झोपवायचा गाडा जोडलेला. त्याच्या मागे आर्डिस तिच्या गाडीवर. आम्ही एप्रनच्या पायथ्याशी पोचलो आणि वॉल्टर थांबला.

तो वर बघत होता. उतार गुळगुळीत, शांत पडला होता. त्या दिवशी उतारावरचा बर्फ कोसळायचा धोका मध्यम आहे असं सकाळच्या बातमीपत्रात सांगितलेलं होतं, म्हणजे जावंही आणि जाऊही नये. आर्डिस मागून येऊन शेजारी थांबली. गाडा खाली सोडून एकाने वर जावं का, असं तिने विचारलं नाही. तिच्या साध्या गाडीला ते जमणार नव्हतं, आणि मलाही जमणार नाही हे तिला माहीत होतं. तिनेच तर तसं केलं होतं. वॉल्टरने एकदा हँडलवरची कळ अंगठ्याने दाबली. मी जेवढं होतं तेवढं दिलं. तेवढ्याने एप्रन चढता आला नसता, हे त्याला अंगठ्यातच कळलं असावं.

आम्ही झाडीत वळलो.

तो दीड तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब. बर्फ पिठासारखा होता आणि झाडं अशी की दोन हातांवर पुढचं झाड. प्रत्येक वळणाला वॉल्टर थोडासा दम मागायचा आणि मी तेवढाच द्यायची. गाडा मागे सरळ येत होता. एकदाही थांबलो नाही, एकदाही रुतलो नाही. माझा आवाज झाडांतून एकसारखा जात होता, कुठे वाढला नाही, कुठे तुटला नाही. वॉल्टरचे ठोके मला ऐकू येत होते, पण या वेळी ते ठीक होते.

पावणेपाच वाजता, उजेड निळा होत असताना, आम्ही रोवेनाजवळ पोचलो. ती जागी होती. ओठ जांभळे, बोलणं अडखळत. आर्डिसने तिचा बूट कापला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिला पांघरुणात गुंडाळून गाड्यावर बांधलं आणि त्याच वाटेने, आपल्याच चाकोरीतून, खाली आणलं. ती वाचली. डाव्या पायाची तीन बोटं गेली.

गावात कोणी वॉल्टरला दोष दिला नाही. पण केल्विनचा फोन आला. त्या वेळी वॉल्टर शेडमध्ये होता आणि हात तेलाचे असल्यामुळे आर्डिसने फोन मोठ्याने लावून बाकावर ठेवला. केल्विनने आधी चौकशी केली, मग जरा थांबून म्हणाला, “वॉली, मी वाईट बोलत नाहीये. पण तो मोठा असता तर तू वीस मिनिटांत पोचला असतास.” वॉल्टर म्हणाला, “हो.” बस्स. फोन बंद झाल्यावर आर्डिस म्हणाली की गेला असतास तर कदाचित एप्रन तुझ्यासकट खाली आला असता. वॉल्टर पुन्हा कामाला लागला. आणि मित्रांनो, तुम्हाला खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात एप्रन कोसळलाच नाही. मे महिन्यात तो उन्हाने हळूहळू वितळला, जसा होता तसा. त्या दिवशी कोणी चढलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच कळणार नाही.

वॉल्टरला ते लागलं. मार्चमध्ये बर्फ मोजायला तो मला घेऊन गेला खरा, पण एप्रनच्या पायथ्यावरून मान खाली घालून गेला. घरी त्याचं जेवण कमी झालं, असं नेली आर्डिसला सांगत होती. शेडमध्ये येऊन तो माझ्या झाकणावर हात ठेवून बसायचा. मला बोलता येत असतं तरी काय बोलणार होते? बोटं तीन होती आणि ती गेली होती.

एप्रिलच्या अखेरीस, गावातला बर्फ चिखल झाला होता तेव्हा, रोवेना शेडमध्ये आली. कामावर परतून तिला चार दिवस झाले होते. खांद्यावर टपालाची पिशवी, चालताना डावं पाऊल जरा बाहेर पडत होतं. तिने आर्डिसची पाकिटं बाकावर ठेवली आणि निघाली नाही. वॉल्टर माझा पट्टा धूत होता. तो उठून उभा राहिला.

“पाय कसा आहे?” त्याने विचारलं.

“उतारावर त्रास देतो. चढावर नाही.”

वॉल्टरने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. दोन टर्बो होते, मोठा फुकट मिळत होता, आपण लहान घेतला, मोठा असता तर आपण तास-सव्वा तास आधी पोचलो असतो. तो एखाद्या पोलिसासमोर जबानी द्यावी तसा सांगत होता. आर्डिसने मध्ये तोंड उघडलं, पण त्याने हाताने तिला थांबवलं. ते तिचंही ठरवणं होतं, हे तो बोलला नाही.

रोवेनाने ऐकून घेतलं. पिशवी खाली ठेवली.

“डॉक्टरांना मी विचारलंय,” ती म्हणाली. “तासभर आधी कोणी आलं असतं तर बोटं राहिली असती का? ते म्हणाले, कदाचित. तर ते कदाचित माझ्याजवळ आहे, वॉल्टर. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही.”

वॉल्टरने मान हलवली.

“पण दुसरंही ऐका. मला झोप येत होती. ती थंडीची झोप, तुम्हाला माहीत आहे. मी ठरवलं होतं की पाच मिनिटं डोळे मिटायचे. तेवढ्यात लांबून, खाली झाडीतून, आवाज आला. बारीक. मला वाटलं, थांबेल. थांबला नाही. जवळ यायचा, वळणावर लांब जायचा, पुन्हा जवळ. मी त्याच्यावर कान लावून बसले. म्हटलं, हा थांबला की मी झोपेन. दीड तास, वॉल्टर. तो एकदाही थांबला नाही.”

तिने पिशवी उचलून खांद्यावर घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिखलातून, डावं पाऊल बाहेर टाकत, पुढच्या घराकडे गेली. वॉल्टर खाली बसला. आर्डिसने त्याच्याकडे पाठ करून, कारण नसताना, दिव्याची काच पुसायला घेतली.

याला आता दोन वर्षं झाली. वर एक यंत्र बसलं आहे, ते बर्फ आपोआप मोजून आकडा पाठवतं. वॉल्टर वर्षातून दोनदा जातो, यंत्र खरं बोलतंय की नाही ते नळीने पडताळून पाहायला. मी नेते त्याला. माझे सांधे दुखतात, पट्ट्याचे दात झिजले आहेत, आणि एक दिवस आर्डिस मला उघडून पुन्हा बंद करणार नाही, हे मला समजतं. त्याची भीती नाही. थकलेल्याला थांबायचं वाईट वाटत नाही.

पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याकडेही एखादं यंत्र असेल, एखादं जनावर असेल, रोज राबणारं माणूस असेल. त्याचा नेहमीचा आवाज ओळखून ठेवा. तो बदलला तर ‘एवढा हिवाळा काढ’ असं म्हणू नका, त्याच दिवशी थांबून आत बघा. त्याच्यावर बळ लादताना ते कोणाच्या हौसेसाठी लादतो आहोत, हे आधी स्वतःला विचारा. आमच्यासारख्यांना शिखरावर नेलं नाही तरी चालतं, मित्रांनो. आमचा आवाज मात्र तुटू देऊ नका. तो कोण, कुठे, कशासाठी ऐकत बसलं आहे, हे आम्हालाही माहीत नसतं.